औटकीपासून शून्यलब्धीपर्यंत

गिरगांवांतील फणसवाडीसारख्या वाड्यांतून तिन्हीसांजेला परवचा ऐकूं येई, तेव्हां त्यांत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकीहि असे. औटकी म्हणजे साडेतिनाचा पाढा. तो आज कितीजणांस म्हणतां येईल? पंतोजीच्या शाळेचें गणित येथवर येऊन, बाजारहिशेबाशीं थांबे. तोंडीं आंकडा काढण्याची ती विद्या कमी प्रतीची खास नव्हती. मात्र ‘असें कां?’ हें तेथें कोणी विचारीत नसे.

तें विचारण्यास लागणारी मराठी भाषा मुंबईंत घडली. कॅप्टन जर्व्हिस यांनीं जगन्नाथशास्त्री क्रमवंतांच्या साह्यानें अंकगणित व भूमिति मराठींत आणली. १८३४ मध्यें एल्फिन्स्टन संस्थेंत असिस्टंट प्रोफेसर झालेले बाळशास्त्री जांभेकर याहून वर चढले. क्षणोक्षणीं बदलणाऱ्या राशींच्या गणितावर त्यांनीं मराठींत पुस्तक लिहिलें व त्यास ‘शून्यलब्धि’ असें नांव दिलें. ज्या भाषेंत औटकी, त्याच भाषेंत हें! जिन्याच्या सर्व पायऱ्या एकाच घरांत आल्या होत्या.

१८४६ मध्यें बाळशास्त्री वारले. १८५७ मध्यें मुंबई विद्यापीठ निघालें. त्याचें शिक्षण इंग्रजींत, त्यामुळें वरच्या पायऱ्या परभाषेंत गेल्या. शून्यलब्धि हा शब्दहि मागें पडला. तरीहि बाळशास्त्र्यांचे शिष्य आणि कुलाबा वेधशाळेंत काम केलेले केरो लक्ष्मण छत्रे यांनीं १८६० मध्यें ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ प्रसिद्ध केलीं, तीं मराठींतच.