जुन्या टेपवरचे ठोके

तुम्ही एसएएस-२ उपग्रहाच्या पोटात आहात. नोव्हेंबर १९७२ मध्ये केनियाच्या किनाऱ्याजवळच्या सॅन मार्को मंचावरून तो सुटला. पुढच्या जूनमध्ये त्याचा वीजपुरवठा बिघडेल आणि निरीक्षणं थांबतील.

समोर धातूचे पातळ पत्रे एकाखाली एक रचलेत. मिथुन राशीतल्या एका ताऱ्याकडून गॅमा फोटॉन येतो; येताना दिसत नाही. एका पत्र्यात तो संपतो, इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी बाहेर पडते आणि खालच्या वायूत ठिणग्यांचे दोन फाटे फुटतात. वेळ नोंदली जाते. आता पुढचा कधी? तासभर वाट पाहावी लागली तरी नवल नाही. तेवढ्यात तो तारा पंधरा हजार गिरक्या घेऊन मोकळा होतो! त्याचं नाव पुढे जेमिंगा पडेल. तो फिरतोय, हे इथे कुणालाच माहीत नाही.

थेट १९९२ मध्ये या. हाल्पर्न आणि होल्ट या खगोलशास्त्रज्ञांना रोसॅट उपग्रहाने टिपलेल्या जेमिंगाच्या क्ष-किरणांत ०.२३७ सेकंदांचं आवर्तन सापडलंय. एग्रेट दुर्बिणीच्या ताज्या गॅमा नोंदींतही तेच निघालं. आता एसएएस-२ च्या टेपवरच्या त्या जुन्या नोंदी उघडा.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे फोटॉन कधी आठ मिनिटं लवकर, कधी उशिरा पोचतो. म्हणून आधी प्रत्येक वेळ सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्राशी जुळवून घ्या. मग तिला आवर्तनकाळाने भागा आणि फक्त बाकी ठेवा. पण थांबा, तारा मंदावतोय. एकोणीस वर्षांपूर्वी त्याची गिरकी सेकंदाच्या सुमारे दीड लाखाव्या भागाने लहान होती. एवढ्याशा फरकाकडे दुर्लक्ष केलंत, तर साधारण तासाभरातच अर्ध्या फेरीची चूक साचते आणि ठोका पुसला जातो.

दुरुस्ती करा. बाक्या आलेखावर मांडा.

दोन शिखरं! अर्ध्या फेरीच्या अंतराने.

ती टेपवर पहिल्यापासून होती. कशासाठी लागतील हे ठाऊक नसताना ज्यांनी या वेळा इतक्या काटेकोर नोंदल्या आणि जपल्या, त्यांच्याबद्दल मला अपार आदर वाटतो. शोधाचं निम्मं श्रेय त्यांचं आहे.

उठू नका. कॉस-बी या दुसऱ्या गॅमा उपग्रहाच्या १९७५ ते १९८२ च्या नोंदी अजून बाकी आहेत.