ट्यूबलाइट, पाल आणि डागाळलेला तारा

मंडळी, सिल्व्हर पार्कच्या रस्त्यावर उभं राहून आज वर पाहिलं, तर दिव्यांच्या उजेडात मोजकेच तारे दिसतील. म्हणून सुरुवात आपण घरातल्या ट्यूबलाइटपासून करू. ट्यूबवरून पाल सरकली की उजेड किंचित घटतो. दूरच्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह आपण बरेचदा असेच ओळखतो. ग्रह ताऱ्यासमोरून जातो, प्रकाश जरासा कमी होतो. याला अधिक्रमण म्हणायचं.

तारा लहान असला की काम सोपं. पृथ्वी सूर्यासमोरून गेली, तर दहा हजारांतला एक भागही प्रकाश अडत नाही. ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याचा व्यास सूर्याच्या जेमतेम १२ टक्के. तिथे पृथ्वीएवढा ग्रह हजारातले सहा-सात भाग अडवतो.

या शोधाकडे येणारी एक वाट आपल्या पुण्यातून निघते. १८८८ साली तिथल्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. प्रमुख होते प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला. तिथली २० इंची दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी. ताऱ्यांचा, तेजोमेघांचा प्रकाश फोडून त्यात कोणती द्रव्यं आहेत ते वाचायचं, हे तिचं काम. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुढे १९८०च्या दशकात तीच दुर्बीण लडाखचं आकाश तपासायला लेहला पोहोचली! त्याच लडाखमध्ये, हानले इथे, ४,५०० मीटर उंचीवर दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण आली. २०१५ मध्ये ट्रॅपिस्ट-१ चे वेध घेणाऱ्या दुर्बिणींत तीही होती. २०१६ मध्ये तिथले तीन ग्रह जाहीर झाले, २०१७ मध्ये सात.

आता खरी अडचण. जुन्या ट्यूबची टोकं काळी पडतात, आठवतं? पाल मधल्या उजळ भागावरून गेली, तर उजेड जास्त घटतो आणि पाल आहे त्यापेक्षा मोठी वाटते. काळ्या टोकावरून गेली, तर फरकच कळत नाही. हे लहान तारे असेच डागाळलेले, शिवाय चंचल. त्यातही गंमत अशी, की डाग थंड असतात, त्यात पाण्याची वाफ टिकते. आपल्या सूर्याच्या डागांतसुद्धा १९९५ मध्ये पाण्याचे रेणू आढळले. मग प्रकाशात दिसलेलं पाणी ग्रहाचं की ताऱ्याचं?

२०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीपुढे हाच प्रश्न आला. जीजे ४८६ बी या ग्रहाच्या वेधांत पाण्याची खूण दिसली; पण ती ताऱ्याच्या डागांमुळेही असू शकते, असं संशोधकांनी स्वतःच लिहिलं. ट्रॅपिस्ट-१ बी च्या वेधांत तर ताऱ्याचाच ठसा वरचढ निघाला.

उपाय काय? पुन्हा पुन्हा पाहणं. ग्रहाची हवा दर फेरीला बदलत नाही, डाग बदलतात. कोडाईकनालला १९०४ पासून सूर्याची छायाचित्रं घेतली जाताहेत, ती याच चिकाटीनं. सूर्याचे डाग आपल्याला निदान दिसतात तरी. दूरचा तारा म्हणजे नुसता ठिपका.

तेव्हा ‘परग्रहावर पाणी सापडलं’ अशी बातमी पुन्हा आली, की आपण आधी विचारू या: ताऱ्याचे डाग तपासले का?