साउथगेट, पहाटे तीन दहा

शुक्रवार, १२ ऑक्टोबर १९८४, पहाटे २.५४

ब्रायटनच्या ग्रँड हॉटेलात बॉम्ब फुटला तेव्हा मार्गारेट थॅचर जाग्याच होत्या. पक्षाच्या अधिवेशनातल्या भाषणावर शेवटचा हात फिरवणं चालू होतं. त्या वाचल्या, पाच जण गेले. त्यांत होते सर अँथनी बेरी, उत्तर लंडनमधल्या एन्फील्ड साउथगेटचे खासदार.

१ मे १९९७ च्या ब्रिटिश सार्वत्रिक निवडणुकीच्या रात्रीची गोष्ट सांगायची, तर तिचं घड्याळ इथून लावावं लागतं. १९५० मध्ये हा मतदारसंघ नुसत्या ‘साउथगेट’ नावानं अस्तित्वात आला; ‘एन्फील्ड’ मागाहून, १९८३ मध्ये चिकटलं. जन्मापासून तो हुजूर पक्षाचं वतन होता. पहिले खासदार बेव्हर्ली बॅक्स्टर, कॅनडात जन्मलेले पत्रकार. ते १९६४ मध्ये वारले आणि बेरी आले, वृत्तपत्रांचे मालक लॉर्ड केम्सली यांचे चिरंजीव. चौतीस वर्षांत दोनच खासदार, आणि दोघांचीही खुर्ची सुटली ती मृत्यूनंच. साउथगेट, विंचमोर हिल, पामर्स ग्रीन: रेल्वेनं शहरात कामाला जाणाऱ्या, स्वतःचं घर आणि घरापुढे जरा बाग असलेल्या लोकांची ही उपनगरं. इथं निवडणूक हरायची कशी, हा प्रश्न हुजूर पक्षाला कधी पडला नव्हता.

डिसेंबरात पोटनिवडणूक झाली आणि एकतीस वर्षांचा मायकेल पोर्टिलो निवडून आला. वडील स्पेनच्या यादवीतून परागंदा झालेले प्रजासत्ताकवादी, आई स्कॉटिश. बेरींचं १५,८१९ चं मताधिक्य त्या दिवशी ४,७११ वर घसरलं. मजूर पक्षानं नव्हे, लिबरल उमेदवारानं घाम फोडला होता. हा इशारा कोणी मनावर घेतला नाही. १९८७ मध्ये मताधिक्य १८ हजारांपलीकडे गेलं, १९९२ मध्ये १५,५६३ राहिलं. गड शाबूत आहे, असं सगळे धरून चालले.

रविवार, २७ एप्रिल १९९७, सकाळ

मधल्या काळात पोर्टिलो संरक्षणमंत्री झाले होते आणि थॅचरवाद्यांच्या गळ्यातले ताईतही. १९९५ मध्ये पंतप्रधान जॉन मेजर यांनी स्वतःच्याच नेतृत्वाचा कौल मागितला, तेव्हा पोर्टिलो उघडपणे मेजर यांच्या बाजूला उभे राहिले. पण पोर्टिलोंच्याच संभाव्य प्रचार कार्यालयात डझनावारी फोनलाइन जोडल्या जात असल्याचं पत्रकारांनी हुडकून काढलं. बंड केलंही नाही आणि केल्याचा डाग मात्र लागला. एवढं बेरकी राजकारण करायचं, तर निदान टेलिफोनवाले रात्री बोलवावेत.

आता १९९७. अठरा वर्षांची सत्ता जाणार हे पक्षात बहुतेकांना कळून चुकलं होतं. पोर्टिलोंनाही. म्हणूनच प्रचार ऐन रंगात असताना त्यांनी दोन विश्वासू साहाय्यकांना घरी बोलावलं आणि पराभवानंतरच्या नेतृत्वाच्या लढाईचे काही मुद्दे त्यांच्यापुढे ठेवले. पक्ष हरेल, मेजर जातील, मग आपण. या हिशेबात साउथगेट कुठंच नव्हतं, कारण ते जमेस धरलं होतं.

आणि मतदानाला चार दिवस असताना ‘ऑब्झर्व्हर’मध्ये त्यांच्याच मतदारसंघाची जनमत चाचणी छापून आली. आघाडी फक्त तीन टक्के.

त्या दोन साहाय्यकांपैकी एक, अँड्र्यू कूपर, पक्षाच्या अंतर्गत चाचण्यांचं काम पाहत असे. हे आकडे खोटे आहेत एवढं सांग, असं पोर्टिलोंनी त्याला विचारलं. त्याला ते सांगता आलं नाही. माझ्या मते आपत्तीची खरी वेळ हीच. पुढचं सगळं ती जाहीर होण्याची वाट पाहणं होतं.

गुरुवार, १ मे, सकाळी ७

मतदान सुरू. आपल्याकडे महाराष्ट्र दिनाची सुट्टी. तिकडे कामाचा वार, पण ऊन छान पडलेलं. ब्रिटनमध्ये मतदान गुरुवारीच व्हायचा रिवाज. शाळेत किंवा चर्चच्या सभागृहात जायचं, दोरीला बांधलेल्या पेन्सिलीनं कागदावर फुली मारायची, घडी घालून पेटीत टाकायचं. बोटाला शाई नाही.

मजूर पक्षाचा उमेदवार स्टीफन ट्विग तीस वर्षांचा होता, साउथगेटमध्येच लहानाचा मोठा झालेला, राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेचा माजी अध्यक्ष. समलिंगी असल्याचं त्यानं लपवलेलं नव्हतं. त्या काळी ब्रिटिश संसदेच्या उमेदवारासाठीही ही साधी बाब नव्हती. तिसरा उमेदवार लिबरल डेमोक्रॅट जेरेमी ब्राउन. तो पुढे दुसऱ्या मतदारसंघातून खासदार आणि मग मंत्री झाला, पण या रात्री त्याच्याकडे कोणाचं लक्ष असणार?

रात्री १०

बिग बेनचे ठोके पडले आणि बीबीसीवर डेव्हिड डिम्बलबी यांनी सांगून टाकलं: टोनी ब्लेअर पंतप्रधान होणार, आणि बहुधा प्रचंड बहुमतानं.

एक्झिट पोलचा अंदाज मजूर पक्षाला सुमारे १६० जागांचं बहुमत देत होता. तो देशाचा आकडा, साउथगेटचा त्यात उल्लेखही नाही. पण मुरलेल्या राजकारण्याला असा आकडा उलटा वाचता येतो. एवढ्या मोठ्या बहुमतासाठी कुठल्या कुठल्या जागा पडाव्या लागतील, याची यादी मनात करत गेलं की कुठं तरी आपलं नाव लागतं. पोर्टिलोंनी पुढे स्वतःच सांगितलं की तो आकडा पाहिला आणि आपली जागा गेली हे उमगलं. अजून एकही मत मोजलेलं नव्हतं.

रात्री १०.४६

संडरलँड साउथचा निकाल. सेहेचाळीस मिनिटांत मोजणी पुरी. मजूर पक्षाचाच बालेकिल्ला, तेव्हा त्यात बातमी एवढीच की मतं अंदाजाप्रमाणेच सरकत होती.

निकालाआधी कधी तरी

साउथगेटचा निकाल यायचा होता आणि पोर्टिलोंना बीबीसीवर जेरेमी पॅक्समनसमोर बसायचं होतं. पॅक्समन म्हणजे मंत्र्यांना घाम फोडण्यासाठी ख्यात असलेला मुलाखतकार. पहिलाच प्रश्न: तुम्हाला सरकारी मोटारीची आठवण येईल का? मंत्रिपद गेल्यावर मोटारही जाणार, हा टोमणा. मग दुसरा: विश्वासार्ह राजकीय शक्ती म्हणून हुजूर पक्षाचा शेवट आपण पाहतोय का?

ही मुलाखत आज पुन्हा पाहिली की अंगावर येते, कारण उत्तर देणाऱ्याला काय ठाऊक आहे हे आता आपल्याला ठाऊक असतं. मोटारीचं विचारताहेत आणि या माणसाची खासदारकीच गेलेली आहे. ते सांगायची सोय नाही, कारण अधिकृतपणे काहीच झालेलं नाही. त्यांनी चेहरा ढळू दिला नाही. पक्षाच्या प्रवक्त्यानं बोलावं तसं बोलत राहिले. त्यांच्या राजकारणाशी माझं कधीच जमलं नसतं (पोल टॅक्सचं समर्थन करत फिरलेला मंत्री तो), पण त्या खुर्चीत तेवढा वेळ बसणं सोपं नव्हतं.

मध्यरात्र उलटल्यावर

बर्मिंगहॅममधलं एजबास्टन पडलं. चेंबरलेन घराण्याच्या शहरातली ही जागा कित्येक दशकं हुजूर पक्षाकडे होती. जिंकली ती जर्मनीत जन्मलेल्या गिसेला स्टुअर्ट यांनी. मग दरड कोसळू लागली. थॅचरबाईंनी तेहतीस वर्षं राखलेलं फिंच्ले, साउथगेटचं शेजारीच, नव्या नावानं मजूर पक्षाकडे गेलं. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये हुजूर पक्षाची एकही जागा उरली नाही. परराष्ट्रमंत्री माल्कम रिफकिंड गेले, व्यापारमंत्री इयन लँग गेले. पोर्टिलो धरून मंत्रिमंडळातले सात जण त्या रात्री पडले.

शुक्रवार, २ मे, पहाटे ३

तिकडची मतमोजणी कशी चालते हे सांगायला हवं. पेट्या रात्रीच एका जागी येतात. आधी नुसते कागद मोजून हिशेब जुळवतात, मग उमेदवारवार गठ्ठे लावतात. कठड्यापलीकडे कार्यकर्ते माना उंचावून उभे असतात आणि गठ्ठ्यांच्या उंचीवरून निकाल ताडतात. शेवटी निवडणूक अधिकारी उमेदवारांना बाजूला घेऊन आकडे दाखवतात. म्हणजे मंचावर चढणाऱ्या प्रत्येकाला निकाल आधीच माहीत असतो. आणि चढावं तर लागतंच. आपल्याकडे पडलेला उमेदवार दुपारीच मोजणी केंद्रातून काढता पाय घेतो. तिकडे त्याला विजेत्याच्या शेजारी, छातीवर पक्षाचं रिबिनीचं फूल लावून, कॅमेऱ्यासमोर उभं राहावं लागतं. लोकशाहीचा हा जरा क्रूर, पण चांगला रिवाज आहे.

पहाटे ३.१०, सुमारे

मुंबईत पावणेआठ वाजत आले होते.

पोर्टिलो, १९,१३७. ट्विग, २०,५७०. फरक १,४३३.

सभागृहात आरोळी उठली. ट्विगचा चेहरा पुन्हा पुन्हा दाखवला गेला. भुवया उंचावलेल्या, ओठांवर हसू, आणि आपण इथं कसे पोचलो याचं शुद्ध आश्चर्य. पोर्टिलोंनी शांतपणे हार मान्य केली, पक्षासाठी ही भयंकर रात्र असल्याचं म्हटलं. आदळआपट नाही, मतदारांवर राग नाही.

आता थोडं गणित, कारण या निकालाबद्दल सबबी खूप सांगितल्या गेल्या. एक सबब अशी की युरोपविरोधी रेफरेंडम पार्टीनं हुजूर मतं खाल्ली. त्यांच्या उमेदवाराला इथं १,३४२ मतं पडली. सगळीच्या सगळी पोर्टिलोंना मिळाली असती तरी ते ९१ मतांनी पडले असते. दुसरी सबब लाटेची. देशभर मतं साधारण दहा टक्के फिरली; साउथगेटमध्ये सतरा टक्क्यांवर. दहा टक्क्यांच्या लाटेत हा मतदारसंघ तगला असता. तेव्हा वरचे सात टक्के फक्त लाटेचे नव्हते. काही लंडनच्या उपनगरांचे होते, जिथं घरांच्या किमती कोसळल्याची आणि व्याजदर भडकल्याची झळ जास्त बसली होती. आणि काही, मला वाटतं, खास पोर्टिलोंसाठी राखून ठेवलेले होते.

सकाळ

पहाटे पाचनंतर थेम्सकाठी ब्लेअर यांनी नव्या पहाटेचं भाषण केलं. मजूर पक्षाला ४१८ जागा, हुजूर पक्षाला १६५. १९०६ नंतरची हुजूर पक्षाची तोवरची नीचांकी संख्या. दुपारपर्यंत मेजर यांनी राजीनामा दिला, पक्षाचं नेतृत्व सोडत असल्याचंही सांगितलं आणि ओव्हलवर क्रिकेट बघायला गेले. नेतृत्वाच्या निवडणुकीत पोर्टिलोंचं नाव येऊच शकलं नाही, कारण तिच्यात उतरायला खासदार असावं लागतं. विल्यम हेग निवडून आले, वय छत्तीस.

पुढे

‘पोर्टिलोच्या वेळी जागे होतात का?’ हा प्रश्न इंग्लंडात रूढ झाला, त्या नावाचं पुस्तकही निघालं. बडा नेता पडला की ‘पोर्टिलो मोमेंट’ म्हणायची पद्धत पडली. १९९९ मध्ये ते केन्सिंग्टन अँड चेल्सीतून संसदेत परतले. २००१ मध्ये नेतृत्वाच्या शर्यतीतून बाहेर पडले ते एका मतानं, ५४ विरुद्ध ५३. त्यानंतर राजकारण सोडून भडक रंगांचे कोट घालून आगगाडीनं देशोदेशी फिरू लागले, भारतातही येऊन गेले. ट्विगनं २००१ मध्ये जागा वाढत्या मताधिक्यानं राखली आणि २००५ मध्ये गमावली. तेव्हा रात्रभर जागायला कोणी थांबलं नव्हतं. २०१७ मध्ये ग्रीक सायप्रियट कुळातले बॅम्बोस कॅरालँबस यांनी ती मजूर पक्षाकडे परत आणली.

२०२४ मध्ये सीमा नव्यानं आखल्या गेल्या आणि एन्फील्ड साउथगेट नकाशावरून गेलं. उत्तराधिकारी जागेचं नाव साउथगेट अँड वुड ग्रीन. बेव्हर्ली बॅक्स्टर १९५० पूर्वी वुड ग्रीनचेच खासदार होते. एन्फील्ड साउथगेट हे नाव मतपत्रिकेवर नसलेल्या त्या पहिल्याच निवडणुकीत, ५ जुलैच्या सकाळी, माजी पंतप्रधान लिझ ट्रस ६३० मतांनी पडल्या आणि प्रत्येक वाहिनीवर पुन्हा पोर्टिलोंचं नाव निघालं. फरक एवढाच की ट्रसबाई भाषण न करताच मंचावरून उतरून गेल्या.