इल्बर्ट बिलाचा वाद : न्यायासनाचा कीं दंडाचा?

इ. स. १८८३ सालीं इल्बर्ट बिलावरून जें वादळ उठलें, तें न्यायासनावर कोणीं बसावें याविषयीं होतें, असा सार्वत्रिक समज आहे. तो खोटा आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु बिलापूर्वीचा कायदा, मागें घडलेले खटले आणि अखेरची तडजोड हीं एकत्र ठेवून पाहिलीं असतां, निशाण न्यायाधीशाच्या जातीचें असलें तरी त्याच्या आड राखावयाचें होतें तें शिक्षेचें माप, असें आम्हांस वाटतें. त्याचीं कारणें वाचकांपुढें ठेवितों.

१८७२ च्या फौजदारी कायद्यान्वयें मुफसलांत युरोपियन ब्रिटिश प्रजाजनावरील आरोपाचा इनसाफ करण्याचा अधिकार त्याच जन्माच्या मॅजिस्ट्रेटास व सेशन्स जज्जास होता. हा भाग सर्वांस ठाऊक आहे. दुसरा मात्र बहुधा सांगितला जात नाहीं. पहिल्या वर्गाचा मॅजिस्ट्रेट हिंदी आरोपीस दोन वर्षांपर्यंत कैद देऊं शके. तोच मॅजिस्ट्रेट, तोच अपराध, पण आरोपी गोरा असला तर तीन महिने कैद व हजार रुपये दंड यापलीकडे त्याची लेखणी चालत नसे. सेशन्स जज्ज हिंदी आरोपीस, हायकोर्टाच्या मंजुरीनें कां होईना, फांशी देऊं शके. गोऱ्यास एक वर्षाहून अधिक कैद देण्याचा त्यास अधिकार नव्हता. म्हणजे न्यायाधीश स्वजातीय असूनही त्याचे हात बांधलेलेच होते. न्यायाधीशाच्या जातीचाच काय तो भरंवसा हवा होता, तर हें बंधन कशास?

उलटपक्षीं कलकत्ता, मुंबई, मद्रास या शहरांत हिंदी प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटांस गोऱ्यांचे खटले चालविण्याची मोकळीक होती. बिहारीलाल गुप्त हे कलकत्त्यास असे मॅजिस्ट्रेट होते. जिल्ह्यांत वरच्या जागेवर गेल्यास हातचा अधिकार जाईल, ही विसंगति त्यांनीं १८८२ च्या आरंभीं सरकारास लिहून कळविली, व तींतूनच कायदेमंत्री इल्बर्ट यांचें बिल निघालें. त्याच सालीं लॉर्ड रिपन यांनीं रमेशचंद्र मित्र यांस कलकत्ता हायकोर्टाचे हंगामी मुख्य न्यायाधीश नेमिलें. सर्वांत उंच आसन हिंदी गृहस्थास मिळालें, जिल्ह्याचें मात्र पुरतें मिळेना! पहिले हिंदी सिव्हिलियन सत्येंद्रनाथ ठाकूर १८६४ पासून आमच्याच मुंबई इलाख्यांत नोकरीस होते. सुमारें वीस वर्षांच्या अनुभवानेंही त्यांची ही उणीव भरून निघाली नव्हती. शहर व मुफसल यांत भेद होता तो न्यायाधीशाच्या योग्यतेचा नव्हे. मुफसलांत नीळवाले व चहामळेवाले राहात, आणि त्यांच्या पदरीं मजूर राहात.

शिक्षेविषयीं राज्यकर्त्यांत तरी एकवाक्यता होती काय? फुलरचा खटला पाहावा. आग्र्याचा हा इंग्रज वकील. गाडी वेळेवर न आल्यामुळें त्यानें कटवारू नांवाच्या मोतद्दारास मारलें. तो पडला व प्लीहा फुटून मेला. लीड्स या मॅजिस्ट्रेटानें किरकोळ दुखापतीचा गुन्हा धरून तीस रुपये दंड केला. अलाहाबाद हायकोर्टानें मत दिलें कीं, शिक्षा आम्ही दिली असती त्याहून कदाचित् हलकी असेल, पण विशेष आक्षेप घेण्याजोगी नाहीं. लॉर्ड लिटन यांनीं मात्र १८७६ सालीं मॅजिस्ट्रेटास व हायकोर्टासही दोष देणारा ठराव प्रसिद्ध केला, आणि लीड्स यांस कांहीं काळ स्वतंत्र जिल्हा देऊं नये असें ठरविलें. लिटन हे हिंदी लोकांचे कैवारी म्हणून प्रसिद्ध नाहींत. वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा १८७८ चा कायदा त्यांचाच. तथापि एका माणसाच्या जिवाचें मोल तीस रुपये, हें त्यांसही सहन झालें नाहीं. इंग्रजी पत्रांनीं त्यांच्यावर जी आग पाखडली, ती इल्बर्ट बिलाच्या सात वर्षें आधींची, आणि तेव्हां न्यायासनावर कोणी हिंदी मनुष्य नव्हता. आमच्या मतें हा पुरावा सर्वांत बळकट आहे.

येथें एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. अपराध्याच्या जन्मावरून दंड ठरविण्याची रीत आमच्याकडे अपरिचित नव्हती. मनूच्या आठव्याच अध्यायांत चोरीसाठीं शूद्रास आठपट, तर ब्राह्मणास चौसष्टपट दंड सांगितला आहे, आणि सामान्य माणसास जेथें एक कार्षापण तेथें राजास सहस्र; पण त्याच अध्यायांत पुढें ब्राह्मणास वधदंड वर्ज्य केला आहे. व्यवहारांत दुसरें वचन टिकलें, पहिलें पोथींतच राहिलें. काशी प्रांतांत ही सूट कंपनी सरकारनेंही १८१७ पर्यंत पाळली होती.

२८ फेब्रुवारी १८८३ च्या कलकत्ता टाऊन हॉलमधील सभेचें वर्णन अनेकांनीं केलें आहे, म्हणून येथें करीत नाहीं. मुंबईंत एप्रिलांत बिलास पाठिंबा देणारी सभा भरली. तींत तेलंग, फिरोजशहा मेहता व बद्रुद्दीन तय्यबजी बोलले.

जानेवारी १८८४ मध्यें जो कायदा झाला त्यानें हिंदी जिल्हा मॅजिस्ट्रेटास व सेशन्स जज्जास गोऱ्याच्या चौकशीचा अधिकार दिला. इतकेंच नव्हे, तर जिल्हा मॅजिस्ट्रेटाची शिक्षेची मर्यादा सहा महिने कैद व दोन हजार रुपये दंड अशी वाढविली. वरवर पाहतां बिलाचा जयच झाला. पण मॅजिस्ट्रेटापुढेंही ज्यूरी मागण्याचा हक्क गोऱ्या आरोपीस मिळाला, व त्या ज्यूरींतील निदान निम्मे गृहस्थ युरोपियन अथवा अमेरिकन असावे असें ठरलें. हा हक्क त्यास पूर्वी गोऱ्या मॅजिस्ट्रेटापुढेंही नव्हता, आणि हिंदी आरोपीस तर नव्हताच. न्यायासन दिलें, शिक्षेचा आंकडा वाढविला, आणि तो आंकडा लिहिण्यापूर्वी ज्या "दोषी" या शब्दाची गरज असते, तो शब्द ज्यूरीच्या तोंडीं ठेवून दिला. हे भेद १९२३ च्या कायद्यानें कमी झाले; उरलेले स्वराज्य आल्यावर, १९४९ सालीं, रद्द झाले.