आर्थर व्हार्टन : सुवर्णकिनाऱ्याचा गोलरक्षक

फुटबॉलच्या मैदानावर अकरा असामी उतरतात. परंतु त्यांतील गोलरक्षकाच्या पदरीं यश थोडें आणि दोष फार, अशी स्थिति असते. दहा वेळां त्यानें चेंडू अडविला तर तें त्याचें कामच. अकराव्या वेळीं तो निसटला कीं सारें मैदान त्याच्या नांवानें खडे फोडतें. आर्थर व्हार्टन या आफ्रिकी गोलरक्षकाच्या वांट्याला याहिपेक्षां विचित्र नशीब आलें. ज्याच्या नांवाचा एके काळीं इंग्लंडच्या उत्तर भागांत जयघोष होई, त्याच्या थडग्यावर मृत्यूनंतर सुमारें ६६ वर्षें नांवाचा एक दगडहि नव्हता.

व्हार्टनचा जन्म २८ ऑक्टोबर १८६५ रोजीं आक्रा शहराच्या जेम्सटाऊन भागांत झाला. पश्चिम आफ्रिकेच्या त्या किनाऱ्याला तेव्हां गोल्ड कोस्ट म्हणजे सुवर्णकिनारा म्हणत. १९५७ सालीं तोच मुलूख घाना या नांवानें स्वतंत्र झाला. त्याचे वडील हेन्री व्हार्टन हे वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटाचे. स्कॉटिश आणि आफ्रिकी अशा दोन्ही वंशांचें रक्त त्यांच्या अंगीं होतें, आणि मेथडिस्ट पंथाचे मिशनरी म्हणून ते आफ्रिकेंत आले होते. आई फांटी लोकांच्या राजघराण्यांतील. अशा घरच्या मुलानें बापाप्रमाणें धर्मोपदेशक व्हावें, ही अपेक्षा स्वाभाविकच होती. त्याच हेतूनें १८८२ सालीं तो इंग्लंडला आला व पुढें डार्लिंग्टन येथील क्लीव्हलंड कॉलेजांत दाखल झाला. परंतु तेथें त्याचें चित्त पोथीपेक्षां मैदानावरच अधिक रमूं लागलें.

प्रथम त्याचें नांव झालें तें पायांमुळें, हातांमुळें नव्हे. जुलै १८८६ मध्यें लंडनच्या स्टॅम्फर्ड ब्रिज मैदानावर हौशी धांवपटूंच्या राष्ट्रीय शर्यती झाल्या. त्यांत १०० यार्डांचें अंतर त्यानें बरोबर १० सेकंदांत तोडलें. या शर्यतींत इतका वेग पूर्वीं कोणाचाहि नोंदला गेला नव्हता. पुढच्या वर्षीं तें अजिंक्यपद त्यानें पुन्हां जिंकलें. इतका चपळ माणूस गोलाच्या दोन खांबांमध्यें उभा कां राहिला, असा प्रश्न कोणालाहि पडावा. आणि खरोखरच कांहीं सामन्यांत तो पुढच्या फळींत कडेला खेळलाहि.

परंतु त्या काळचा गोलरक्षक म्हणजे आजचा नव्हे. गोलाला जाळीं लागलीं तींच मुळीं १८९१ नंतर. १९१२ पर्यंत गोलरक्षकाला केवळ गोलापुढच्या चौकोनांतच नव्हे, तर आपल्या बाजूच्या अर्ध्या मैदानांत कोठेंहि चेंडूला हात लावतां येई. मात्र या मुभेची किंमतहि जबर होती. त्याच्या हातांत चेंडू असो वा नसो, प्रतिपक्षाच्या गड्यांनीं खांदा देऊन त्याला खुशाल लोळवावें, असाच त्या वेळचा रिवाज. मग चेंडू छातीशीं धरून उभें राहण्यापेक्षां मुठीच्या एका ठोशानें तो दूर भिरकावणें शहाणपणाचें ठरे, आणि व्हार्टनच्या ठोशाची मोठी ख्याति होती. शिवाय तो गोलाच्या एका कोपऱ्यांत दबा धरून बसे आणि ऐन क्षणीं उसळी घेई. शेफील्डच्या एका जुन्या प्रेक्षकानें १९४२ सालीं वर्तमानपत्राला लिहिलेली आठवण तर नवलाची आहे. व्हार्टननें आडव्या दांड्याला लोंबकळून चेंडू दोन्ही पायांच्या मध्यें पकडला, आणि अंगावर धांवून आलेले तीन गडी तसेच गोलांत जाऊन पडले! पन्नासांहून अधिक वर्षें फुटबॉल पाहणाऱ्या त्या गृहस्थाला तसा दुसरा प्रसंग पुन्हां पाहावयास मिळाला नाहीं.

डार्लिंग्टनकडून खेळतांना त्याची कीर्ति पसरली आणि प्रेस्टन नॉर्थ एंड या बलाढ्य संघानें त्याला बोलाविलें. १८८७ सालीं इंग्लिश कपाच्या उपांत्य सामन्यापर्यंत तो त्या संघाबरोबर पोंचला. तेथें वेस्ट ब्रॉमविचनें प्रेस्टनला ३-१ असें हरविलें. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघांत त्याला घ्यावें, असेंहि तेव्हां बोललें जाऊं लागलें. पण निवड झाली नाहीं. उलट एका क्रीडापत्रानें त्याच्या वर्णावरून हिणकस थट्टा करून, गोल ही माकडचेष्टांची जागा नव्हे, अशा अर्थाचा उपदेश केला. हीच उडी गोऱ्या गड्यानें मारली असती तर तिला कौशल्य म्हटलें गेलें असतें, हें सांगावयास नकोच. १८९६ सालीं रणजितसिंहजी क्रिकेटच्या मैदानावर इंग्लंडतर्फें खेळले. परंतु इंग्लंडच्या फुटबॉल संघांत पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, व्हिव्ह अँडरसन, दिसावयास १९७८ साल उजाडावें लागलें.

धांवण्याच्या धंदेवाईक शर्यतींकडे लक्ष देण्यासाठीं व्हार्टननें १८८८ सालीं प्रेस्टन सोडलें. दैवाचा फेरा असा कीं, त्याच वर्षीं सुरू झालेल्या हंगामांत प्रेस्टननें नव्या फुटबॉल लीगचे बावीसहि सामने न हरतां लीग जिंकली, आणि एकहि गोल न होऊं देतां कपहि पटकाविला. व्हार्टन थांबता तर त्या अजिंक्य संघांत त्याचें नांव येण्याचा संभव होता. १८८९ सालीं तो रॉदरहॅम टाऊनकडे वेतन घेऊन खेळूं लागला. धंदेवाईक फुटबॉलांतील पहिला कृष्णवर्णीय खेळाडू असें त्याला म्हणतात तें यावरून. ब्रिटिश गियानांत जन्मलेला व १८८१ सालीं स्कॉटलंडचा कप्तान झालेला अँड्र्यू वॉटसन हा त्याच्याहि आधींचा. पण त्यानें मोबदला घेतला कीं नाहीं, यावर इतिहासकारांचें एकमत नाहीं.

१८९४ सालीं शेफील्ड युनायटेडनें त्याला घेतलें खरें, परंतु त्याच वर्षीं विल्यम फोक हा धिप्पाड तरुण गोलरक्षकहि तेथें आला. वीस वर्षांच्या फोकपुढें एकोणतीस वर्षांच्या व्हार्टनची डाळ शिजली नाहीं. पहिल्या श्रेणींत संडरलंडविरुद्ध त्याला एक सामना मिळाला, एवढेंच. पुढें स्टेलीब्रिज, ॲश्टन असें करीत १९०२ सालीं स्टॉकपोर्ट काउंटी येथें त्याचा खेळ संपला. हाताशीं पैसा उरला नव्हता, दारूचें व्यसन जडलें होतें. ज्याला मिशनरी व्हावयाचें होतें तो यॉर्कशायरच्या कोळशाच्या खाणींत गाड्या ओढण्याच्या कामावर मजूर झाला.

१३ डिसेंबर १९३० रोजीं, वयाच्या ६५ व्या वर्षीं, त्याचें निधन झालें. एडलिंग्टनच्या स्मशानांत गोरगरिबांसाठीं ठेवलेल्या जागेंत त्याला पुरण्यांत आलें. १९९७ सालीं शेफील्डमधील वर्णद्वेषविरोधी फुटबॉलप्रेमींच्या खटपटीनें तेथें शिला उभी राहिली. २००३ मध्यें इंग्लिश फुटबॉलच्या कीर्तिमंदिरांत त्याचें नांव दाखल झालें, आणि २०१४ मध्यें इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल केंद्रांत, सेंट जॉर्जेस पार्क येथें, त्याचा ब्राँझचा पुतळा बसविण्यांत आला. त्या पुतळ्यांत व्हार्टन उंच झेप घेऊन चेंडू परतवीत आहे.