एक रेकॉर्डर, अनेक प्लेअर : प्रतीच्या प्रतीची गोष्ट

आजचा प्रश्न दिसायला साधा आहे. एका रेकॉर्डरला दोन-तीन व्हिडिओ प्लेअर जोडायचे, पण चित्राचा दर्जा घसरू द्यायचा नाही. आपल्याला सहज वाटतं की यंत्रं जितकी जास्त, तितकी गळती जास्त. पण इतिहास पाहिला तर उलटं दिसतं. जास्त प्लेअर जोडण्याची धडपड झाली ती दर्जा वाचवण्यासाठीच. ते कसं, ते बघू.

एप्रिल १९५६ मध्ये अँपेक्स कंपनीने शिकागोमध्ये आपलं व्हिडिओ टेप यंत्र दाखवलं. टेप दोन इंच रुंद. संकलन कसं करायचे? टेपवर लोखंडाच्या बारीक पुडीचं द्रावण लावायचं, उमटलेल्या चुंबकीय खुणा सूक्ष्मदर्शकातून बघायच्या आणि ब्लेडने टेप कापून जोडायची. काम जिकिरीचं, पण एक गोष्ट चांगली होती : मूळ टेपच कापली जायची, त्यामुळे दर्जा तसाच राहायचा.

१९६३ मध्ये अँपेक्सची 'एडिटेक' ही इलेक्ट्रॉनिक संकलनाची पद्धत आली. एका यंत्रावर टेप चालवायची आणि हवा तो भाग दुसऱ्यावर उतरवून घ्यायचा. ब्लेड सुटलं, पण प्रत काढणं आलं. प्रतीची प्रत, तिची पुन्हा प्रत. तंत्रज्ञ यातल्या प्रत्येक पायरीला 'जनरेशन' म्हणायचे, म्हणजे पिढी. दर पिढीला चित्रातली खरखर वाढायची. १९७१ ची यू-मॅटिक आणि १९७६ ची व्हीएचएस या कॅसेटींमध्ये तर रंग खालच्या फ्रीक्वेन्सीवर आणून उजेडाच्या सिग्नलपासून वेगळा नोंदवला जायचा. बाहेर पडताना दोन्ही एकाच तारेत मिसळायचे आणि पुढचा रेकॉर्डर ते पुन्हा वेगळे करायचा. ही फोड कधीच स्वच्छ होत नसे. लग्नाच्या कॅसेटची तिसरी-चौथी कॉपी आठवा : शालूचा लाल रंग काठाबाहेर सांडलेला असायचा.

आता मुद्द्याचं. समजा तीन टेपवरची तीन दृश्यं एकमेकांत मिसळायची आहेत. प्लेअर दोनच असले तर आधी दोन दृश्यं मिसळून रेकॉर्ड करायची, मग ती नवी टेप प्लेअरवर लावून तिसरं दृश्य मिसळायचं. म्हणजे पहिली दोन दृश्यं एक पिढी जास्त म्हातारी झाली. तीन प्लेअर असले तर सगळं एकाच फेरीत होतं. प्लेअर वाढले की पिढ्या कमी होतात, इतका सरळ हिशोब आहे.

मग अडचण कुठे होती? काळात. भारतातही वापरल्या गेलेल्या पाल पद्धतीत चित्राची एक ओळ ६४ मायक्रोसेकंदांची असते, आणि रंगाच्या एका लहरीला सेकंदाचा साधारण ४४ लाखावा भाग लागतो. टेपची गती जराशी डगमगते, आणि दोन प्लेअर कधीच सारखे डगमगत नाहीत. अशी दोन चित्रं मिसळली तर ती फाटतात, रंग उलटेपालटे होतात. यावरचा मोठा उपाय १९७३ मध्ये आला : डिजिटल टाइम बेस करेक्टर. तो चित्राच्या ओळी क्षणभर साठवतो आणि ठरलेल्या ठोक्यावर सोडतो. तो ठोका सगळ्या यंत्रांना एकाच सिंक जनरेटरकडून मिळतो. ढोल-ताशा पथकात सगळे एका ताशाकडे कान लावून असतात ना, तसंच.

तारांचेही नियम होते. दोन प्लेअरच्या तारा पिळून एकत्र करायच्या नाहीत, मधे स्विचर किंवा मिक्सर हवाच. तारेच्या शेवटच्या टोकाला, आणि फक्त तिथेच, ७५ ओहमचा रोध लावायचा. दोनदा लावला तर चित्र काळवंडतं, विसरलात तर फटफटीत होतं. यू-मॅटिकला खास डब केबल होती, ती उजेड आणि रंग न मिसळता पुढे न्यायची. १९८२ च्या बीटाकॅमने आणि १९८७ च्या एस-व्हीएचएसने हेच वेगळेपण आपापल्या पद्धतीने जपलं.

१९८६ मध्ये सोनीची डी-१ ही डिजिटल टेप आली. चित्र आकड्यांत आलं, आणि आकड्यांची नक्कल म्हातारी होत नाही. पण थांबा, प्रश्न संपला नाही. आज व्हिडिओ आकुंचित करून पाठवतो, तो पुढचा माणूस पुन्हा आकुंचित करून पाठवतो. म्हणजे पिढ्यांची झीज मागच्या दाराने परत आली.

म्हणून घरातल्या जुन्या कॅसेटी संगणकावर घेणार असाल तर आधी विचारा : आपल्या हातातली कॅसेट कितव्या पिढीची आहे? नातेवाइकांत मूळ कॅसेट शोधा, तीच चालवा आणि काम झाल्यावर फेकू नका. कॉपीतून गेलेला रंग पुन्हा मिळत नाही. मूळ टेपवर तो अजून असू शकतो, पण टेपही झिजते आहे. तेव्हा हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नका.