पैठणचा हरवलेला ‘त’

उस्मानपुऱ्यांतील नाट्यगृहास संत एकनाथांचें नांव आहे. त्यावरून जातांयेतां बहुतेकांस नाथांच्या भारुडांची आठवण होते. आम्हांस, अध्यापनाच्या संवयीमुळें म्हणा, त्यांच्या दुसऱ्या एका कार्याची होते. शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, नाथांनीं ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत शिरलेले अपपाठ दूर करून शुद्ध प्रत सिद्ध केली. उरलेल्या रूपांवरून हरवलेल्या मूळ रूपाचा शोध घेण्याचें हें थोर उदाहरण होय. भाषाशास्त्रज्ञही हेंच करितो; परंतु त्याची अडचण अधिक मोठी. नाथांपुढें निदान लिहिलेल्या पोथ्या होत्या. ज्या बोलीपासून मराठी निघाली ती बोली, लोकांच्या मुखीं होती तशी, कोणीं लिहून ठेविलीच नाहीं. ती अनुमानानें उभी करावी लागते. असें अनुमान कितपत विश्वसनीय, याचा विचार आम्ही आमच्या शेजारच्याच एका नांवाच्या आधारें करणार आहों.

तें नांव पैठण. संस्कृतांत ‘प्रतिष्ठान’. कन्नडजवळच्या पितळखोरा लेण्यांत या नगरांतील एका गंधिकाच्या, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या, कुळानें दिलेल्या दानाचा लेख आहे. त्यांत नगराचें नांव ‘पतिठान’ असें कोरलेलें आहे. जोडाक्षरें सुटलीं, परंतु मधला ‘त’ शाबूत आहे. पुढें ग्रंथांतील प्राकृतांत तेंच नांव ‘पइट्ठाण’ झालें. ‘त’ गेला, दोन स्वर एकमेकांस भिडले, आणि त्यांतून आमचें ‘पैठण’ निघालें.

हा ‘त’ लोकांच्या मुखांतून गेला केव्हां? नाशिकच्या लेण्यांत सातवाहन राजा पुळुमावि याच्या १९ व्या वर्षीं कोरलेला लेख आहे. त्यांत त्याच्या आजीचें नांव ‘गोतमी’ असेंच आहे. ग्रंथांतील महाराष्ट्री प्राकृताच्या नियमानें तें ‘गोअमी’ व्हावयास हवें होतें. यावरून कोणी म्हणेल कीं दुसऱ्या शतकांत ‘त’ जिवंत होता, आणि महाराष्ट्री ही कवींनीं गाण्याच्या सोयीसाठीं बनविलेली कृत्रिम भाषा होय. ही शंका पोकळ नाहीं. ज्या भाषेंत मत, मद, मृग व मृत या चोहोंचें ‘मअ’ होतें, त्या भाषेंत लोक बाजारहाट कसा करीत असतील, असें कोणासही वाटेल.

परंतु त्याच शतकांतील एक परका साक्षीदार आहे. अलेक्झांड्रियाचा भूगोलकार टॉलेमी यानें पुळुमावीची राजधानी म्हणून ‘बैथाना’ हें नगर नोंदलें आहे. त्याच्यापर्यंत आलें तें नांव वाटसरू व व्यापारी यांच्या तोंडून आलेलें. त्यांत मधला ‘त’ नाहीं. दगडावर एक आणि कानावर दुसरेंच! राजाचे लेखक जुन्या वळणानें लिहीत राहिले व बोलणारे पुढें निघून गेले, असें मानणेंच आम्हांस सयुक्तिक दिसतें.

एका नांवावर संबंध भाषेचा निकाल लावणें मात्र धाडसाचें होईल. म्हणून रोजच्या शब्दांस विचारावें. पाद आणि पाय, माता आणि माय, सूची आणि सुई, राजा आणि राव : प्रत्येक जोडींत दोन स्वरांमधील व्यंजन गेलेलें आहे. हे शब्द पंडितांनीं दिले नाहींत, ते घराघरांतून आले. तेव्हां ग्रंथांतील महाराष्ट्रींत अतिरेक असेल, परंतु तिचा पाया लोकांच्या उच्चारांतच होता. एका शब्दावर न थांबतां नियम शोधण्याची ही रीत डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं १८७७ च्या विल्सन व्याख्यानांत दाखविली, आणि झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडितानें मराठीच्या घडणीवरील ग्रंथांत ती पूर्णत्वास नेली. त्या ग्रंथाचें वासुदेव गोपाळ परांजपे यांनीं केलेलें भाषांतर १९४१ सालीं प्रसिद्ध झालें.

व्याकरणाची साक्ष याहून सूक्ष्म आहे. ‘केळें’ या शब्दावर आम्ही अजून अनुस्वार देतों. १९६२ च्या लेखननियमांनीं तो काढून टाकिला. शिष्टांच्या उच्चारांत तो उरला नव्हता, तेव्हां तें रास्तच झालें. परंतु तो बिंदु शोभेचा नव्हता. संस्कृतांतील नपुंसकलिंगी शब्दांच्या शेवटच्या ‘म्’चा तो अवशेष होता. गुजराथी ‘केळुं’ व कोंकणी ‘केळें’ यांत तो आजही नाकांत घुमतो. केवळ शिष्ट मराठीवरून मूळ भाषा रचूं गेल्यास हा ध्वनि कायमचा निसटेल. आम्हीं स्वतः वर्गांत कित्येक वर्षें विद्यार्थ्यांच्या घरच्या उच्चारांस अशुद्ध ठरविलें. आपण साक्षीदारासच गप्प बसवीत आहों, हें आम्हांस फार उशिरां कळलें.

एवढें करूनही हातीं येतें तें अनुमानच. आउगुस्ट श्लायखर या जर्मन पंडितानें १८६८ सालीं संस्कृत, ग्रीक, लॅटिन आदि भाषांच्या कल्पित मूळ भाषेंत मेंढी व घोडे यांची एक बोधकथा रचली. हेर्मान हिर्ट यानें केलेलें तिचें नवें रूप १९३९ त प्रसिद्ध झालें, तेव्हां तिचा बहुतेक शब्द पालटलेला होता. मूळ भाषा बदलली नव्हती. तिच्याविषयींचें ज्ञान बदललें होतें. म्हणूनच अनुमानानें सिद्ध केलेल्या रूपामागें तारेची खूण लावण्याची चाल आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, याचा आनंद आम्हांसही आहे. मात्र प्राचीनत्वाच्या अभिमानांत ती तारा पुसली जाऊं नये. नाथांनीं प्रत शुद्ध केली ती स्वतःची ओवी आंत न घालतां. मराठीच्या पूर्वजांचा शोध घेणाऱ्यांनीं हेंच पथ्य पाळावें, आणि दगडांइतकेंच आजच्या बोलींसही पुसावें.